आगबोटीवरच्या दोन रेवदंडेकरणी

परदेशी जायला मी आमच्या तळा गावाहून निघाले तेव्हा आई एसटी स्टँडपर्यंत आली होती, विमानतळावर नाही. "एवढ्या लांब रडत यायचं नि रडत परतायचं, त्यापेक्षा इथंच काय ते रडते," म्हणाली, आणि रडली मात्र नाही. गाडी सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "मागं वळून बघू नकोस, तुला गाडी लागते." मी इंदापूरच्या फाट्यापर्यंत मान ताठ ठेवून पुढे बघत बसले.

आता ऑकलंडमध्ये मला पुष्कळ वर्षं झाली. म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नर्स आहे. सकाळी फेरीबोटीनं पलीकडच्या धक्क्यावर उतरते, रोस्टर सांगेल तशी जगते. परक्या आयांचे केस विंचरते आणि ब्रेकमध्ये स्वतःच्या आईला व्हिडिओ कॉल लावते. माझ्यासारखे जे निघून आलात, त्यांना हे सांगायला नको. जे मागे राहिलात, त्यांची गंमत मात्र मला या खेपेला कळली, म्हणून हे लिहितेय.

आईनं कायमचं माझ्याकडे यावं म्हणून मी कितीतरी दिवस मागे लागले होते. तिचं उत्तर ठरलेलं: "बघू." या हिवाळ्यात मी होकार घेऊनच परतायचं ठरवून गेले. तिला खूश करायला मुंबई ते गोवा आणि परत अशी क्रूझ बुक केली. तिघांची केबिन. माझा मुलगा ऐन वेळी कॉलेजच्या कामात अडकला, त्याची जागा रिकामी राहिली.

"बोटीत बसायच्या आधी कुठं जायचंय का तुला?" मी विचारलं. मला वाटलं, एखादं देऊळ सांगेल.

"रेवदंड्याला," आई म्हणाली.

रेवदंडा तिचं माहेर. मामांनी वाडी विकून मुंबई गाठली, त्यानंतर ती तिकडे फिरकली नव्हती. "ज्या गावात चहा विचारणारं कुणी नाही, तिथं काय जायचं?" म्हणायची. आणि आता आदल्या दिवशीच जायचं म्हणून हटून बसली.

रेवदंड्याच्या वेशीत रिक्षातून उतरली ती माझ्यापुढे चालायलाच लागली. तटाच्या दगडांना हात लावत, सुपारीच्या वाड्यांमधल्या गल्ल्यांतून वळत, तोंडाची टकळी चालू. इथं अरबांची गलबतं लागायची, हा तट पोर्तुगिजांचा, इथून आम्ही आगबोट बघायचो. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून छोट्या पडावातून जाऊन माणसं तिच्यावर चढायची. गुडघे दुखतात म्हणून तळ्यात बाजारापर्यंत रिक्षा करणारी बाई! मी धापा टाकत मागून.

माहेरच्या जागी रिसॉर्ट झालं होतं. निळ्या टाक्यात दोन पोरं डुंबत होती. आई फाटकाशी थांबली. "विहीर बुजवलेली दिसतेय," म्हणाली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, उगाच आणलं हिला.

तेवढ्यात समोरच्या अंगणातून हाक आली. "शेवंती? ए शेवंती!"

मी इकडेतिकडे बघितलं. माझ्या आईचं नाव सुमन. पण आईनंच ओ दिली. शेवंती हे तिचं माहेरचं नाव. तळ्याला लग्न होऊन आली तेव्हा बदललेलं. इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

हाक मारणारी कमळमावशी, आईची बालमैत्रीण. सुपाऱ्या सोलायच्या सोडून उठली, आईचे दोन्ही दंड धरून तिला हलवलं. "मेली न्हाईस व्हय अजून?" मग दोघी हसल्या, मग रडल्या, मग मावशीनं सुनेला, रेश्माला, चहा टाकायला सांगितला. उद्या आम्ही बोटीनं गोव्याला जाणार हे ऐकल्यावर मावशीच्या हातातली बशी तशीच राहिली.

"आगबोटीनं?"

"हो. आणि एक जागा रिकामी आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही चला ना."

"मी? छे! सुपारी सोलायची हाय. घर कुनी बघायचं?"

"मी बघीन," रेश्मा चुलीपासून म्हणाली.

"औषधं हायेत माझी."

"बॅगेत घालते."

कारणं संपली तशी मावशी पदराशी चाळा करू लागली. मग हळूच म्हणाली, "सगळ्यांना मीच पोचवलं गं. हिला नवरी करून तरीतून खाडीपल्याड साळावला धाडली, तवा मी धक्क्यावर. भाऊ गेले, पोरी गेल्या, नंदा गेल्या. मला जायचं ठावंच न्हाय. जाताना करतात काय?"

"काही नाही गं," आई म्हणाली. "नुसतं बसायचं. बोट नेते."

कंपनीच्या कार्यालयात फोन केला. नाव बदलता येईल म्हणाले. आधारचा फोटो पाठवला आणि होकाराचा मेसेज येईपर्यंत आम्ही चौघी त्या मोबाइलभोवती परीक्षेच्या निकालासारख्या बसलो. मेसेज आला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं ओरडली ती रेश्मा.

रात्री मावशीकडेच राहिलो. सकाळी मुंबईची लाँच पकडायला मांडव्याला निघताना अख्खी आळी बाहेर आली होती. मावशी रिक्षात बसली आणि सगळ्यांनी हात हलवले. तिनं आधी मागे वळून पाहिलं, कुणाला पोचवताहेत म्हणून. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं दोन्ही हात बाहेर काढून असे हलवले की रिक्षावाला म्हणाला, "आजी, खांब लागंल."

जहाजावर दोघींनी धमाल उडवली. लिफ्टमधून उगाच वरखाली केलं. बुफेतले सगळे केक चाखून "आपला नारळीपाक बरा" असा निकाल दिला. "एवढी मोठी बोट, पन यात समुद्र कुठं हाय?" असं मावशीनं एका गणवेशातल्या अधिकाऱ्याला मराठीत विचारलं, आणि तो बिचारा त्यांना थेट डेकवर घेऊन आला.

संध्याकाळी आम्ही कठड्याशी उभ्या होतो. किनारा लांबवर काळसर झाला होता. दीपगृहाचा एक दिवा लुकलुकला आणि मावशी किंचाळलीच, "कोर्लईचा दिवा! म्हंजे त्याच्या अल्याड आपलं!" दोघी एकमेकींना बोटांनी दाखवत राहिल्या. थोड्या वेळानं मावशी पुटपुटली, "एवढंसंच हाय व्हय आपलं गाव?"

आई बराच वेळ त्या दिव्याकडे बघत होती. तळा ते रेवदंडा अंतर ते काय; पण नाव, घर, बोली, मैत्रीण सगळं सोडून ती गेली होती, आणि तिला व्हिडिओ कॉल नव्हता. घर सोडून लांब गेलेली या कुटुंबात मी पहिली, असं मी आजवर समजत होते.

"मी येईन गं तुझ्याकडे," आई एकदम म्हणाली. "कायमची?" मी विचारलं.

"कायमची न्हाय. तळ्याचं घर माझं आहे, ते मी सोडणार न्हाय. पण वर्षातून एकदा येईन. चार दिवस काही काम करणार न्हाय, लोळत पडीन, तू आयतं खायला घालायचंस. आणि निघताना अजून राहा म्हणून हट्ट करायचास."

"म्हणजे माहेरपणाला," कमळमावशी म्हणाली.

"तेच," आई म्हणाली.

ऑकलंडला परतल्यावर सुट्टीच्या दिवशी मी मागच्या खोलीतल्या भिंतींना पिवळा रंग दिला. पलंग खिडकीशी सरकवला, तिथून पाणी दिसतं. मुलानं विचारलं, "ही गेस्ट रूम का?"

"नाही रे," मी म्हटलं. "हे तुझ्या आजीचं माहेर."