सहीखालची वेळ

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डबे घासत होते. डॉक्टरांनी कल्पना दिली होती, तरी साबणाचे हात तसेच धरून मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे... दीड महिना झाला त्याला. आप्पा म्हणजे माझे काका. त्यांना मूलबाळ नव्हतं, नायगावच्या चाळीत मला त्यांनी आणि काकूनेच वाढवलं.

विमा कार्यालयातली कारकुनी त्यांच्या अंगात मुरलेली. कागद अथपासून इतिपर्यंत वाचल्याशिवाय सही नाही. सहीखाली तारीख सगळेच घालतात, आप्पा वेळही घालायचे. गॅसवाला दारात ताटकळायचा आणि काकू आतून म्हणायची, "अहो, सिलिंडर आलाय, इस्टेट नाही." चाळ त्यांना हसायची, पण पुनर्विकासाचे कागद आले की गुपचूप आप्पांचंच दार वाजवायची.

त्या काकूचं अपेंडिक्स फुटलं. परळच्या एका खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रियेला फार उशीर झाला आणि ती गेली. आप्पांनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली, ती फेटाळली गेली. निकालात एक वाक्य होतं: पतीने संमतीपत्रावर सही करायला वेळ लावल्यामुळे विलंब झाला. आप्पांनी त्या दिवशीही दोन्ही पानं वाचली होती, हे खरंच होतं. मी शेजारी उभी होते आणि मनातून चिडलेही होते, हे आज कबूल करते.

निकालानंतर आप्पांनी वाचणं सोडलं. कुणी कागद पुढे केला की सही करून मोकळे. मला ते बघवत नसे. वकील म्हणाले, भरपाईसाठी राज्य आयोगात अपील करू. आप्पा एवढंच म्हणाले, "भरपाई राहू द्या. तेवढं वाक्य काढता येतं का बघा."

अपिलात वकिलांनी पूर्ण संमतीपत्र मागवलं. रुग्णालयाने आधी पहिलंच पान जोडलं होतं, आणि दुसरं मागायचं आप्पांनाही सुचलं नव्हतं. स्वतःलाच दोषी धरून बसलेला माणूस पुरावा कुठे शोधणार! दुसऱ्या पानावर आप्पांची सही होती, तारीख होती, आणि खाली वेळ: दुपारी चार वाजून दहा मिनिटं. रुग्णालयाच्याच नोंदवहीप्रमाणे सर्जन आले होते साडेसहाला. तारखांवर तारखा पडल्या, पण शेवटी ते वाक्य गेलं. आयोगाबाहेरच्या बाकावर बसून आम्ही दोघं खूप रडलो.

यंदा आप्पांनाच रुग्णालयात ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीसाठी नर्सने संमतीपत्र आणलं, बोट ठेवून सहीची जागा दाखवली. मी पेन टेकवलं, इतक्यात आप्पांनी माझं मनगट धरलं.

"आधी वाच. सगळं वाच," ते म्हणाले. "मला घाई नाही."

मी पलंगाच्या कडेला बसले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले. डोळे मिटून आप्पा प्रत्येक वाक्याला हुंकार देत होते...