जपानी क्रियापदं आणि मावल्याची बयनाबाई

लक्ष्मणराव मास्तरांना जपानी येते, यावर आदिलाबादेत कुणाचा विश्वास नव्हता. महायुद्धात ते फौजेबरोबर सिंगापूरला कैद झाले, तिथल्या जपानी आचाऱ्याकडून भाषा शिकले आणि परतताना एक फाटकं व्याकरण घेऊन आले. आता शाळेत पाढे शिकवायचे आणि उरल्या वेळात जपानी क्रियापदांच्या मागे लागायचे. काम चाललंय की उरकून त्याची खूण मागे राहिलीय, हे ती भाषा कसं सांगते आणि आपली माणसं कसं सांगतात, याच्या त्यांनी तीनशे चिठ्ठ्या केल्या होत्या.

त्यांची रीत न्यारी होती. वाक्य विचारायचं नाही, प्रसंग करून दाखवायचा आणि समोरच्याला म्हणायचं, "काय दिसून राह्यलं?" जवळच्या मावला गावात कापूस-ज्वारी पिकवणारी बयनाबाई ही त्यांची हुकमी साक्षीदार. एकदा मास्तरांनी दार उघडून विचारलं, तर तिनं उठून ते लावून घेतलं. शेळ्या आत येतात म्हणून! मास्तरांनी तीही चिठ्ठी जपून ठेवली.

छप्पन साल आलं. हैदराबाद राज्याचे तुकडे होणार, नांदेड मुंबईकडे जाणार, आदिलाबाद तेलुगु मुलखात राहणार. जायचं की राहायचं, ते सोमवारपर्यंत लिहून द्या, असे शिक्षकांना फॉर्म आले. मास्तरांची बायको देवकाबाई. तिच्या भावानं नांदेडात खोलीसुद्धा पाहून ठेवली. मास्तर तयार होते, पण जीव तुटत होता. नांदेडात बयनाबाई कुठून आणायची?

जाण्याआधी एकच क्रियापद उरलं होतं: मरणे. जपानीत क्रियापदाचं जे शेपूट खाण्याला लावलं की खाणं चालू असतं, तेच मरण्याला लावलं की माणूस मरून पडलेला असतो. आपल्याकडे काय म्हणतात? रविवारी मास्तरांनी सायकल काढली, बयनाबाईच्या अंगणात बाजेवर आडवे झाले, धोतराचा सोगा तोंडावर ओढला आणि आतून विचारलं, "सांगा बयनाबाई, मास्तरचं काय झालं?"

उत्तराऐवजी कळशीभर पाणी अंगावर आलं.

"उठा! भरल्या घरी हे काय सोंग? जित्या माणसाबद्दल मी तसं बोलणार नाई." मग तिनं कळशी खाली आदळली. "नांदेडले चालले म्हणे तुमी. बाजारात तुमच्या बाईनं सांगितलं, तुमी नाई. आता आणखी काय वदवून घेता?"

ओलेचिंब मास्तर शरमले. बाईला तीनशे वेळा विचारलं आणि सांगायचं ते एकदाही सांगितलं नाही.

घरी येऊन त्यांनी शेवटची चिठ्ठी कोरीच चिठ्ठ्यांच्या डब्यात टाकली. फॉर्मावर 'इथेच' लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात 'काम चालू आहे.' देवकाबाईंनी तो दोनदा वाचला.

"दादाले पत्र तुमीच लिहा," त्या म्हणाल्या. "अन् आधी धोतर बदला."