चूलबंद आवतणाची सभा

पुण्याहून निघाले तेव्हा पर्समध्ये आमच्या सोसायटीच्या सभेची नोटीस होती. मी सेक्रेटरी. सभेला येतात पाचजण, त्यातले दोघे लिफ्ट बंद पडली म्हणून खाली थांबलेले असतात. माझी हॉस्टेलमधली मैत्रीण सुलभा खालापूर तालुक्यातल्या एका छोट्या गावी नगरपंचायतीची मुख्याधिकारी आहे. माणसं गोळा कशी करतात, हे तिलाच विचारावं म्हटलं.

"माझ्याकडे तरी कोण येतंय गं!" ती फोनवर म्हणाली होती. तळ्याकाठच्या मोकळ्या जागेवर डोंगरातल्या वाडीवरच्या बायका भाजी विकायला बसतात. नव्या कॉम्प्लेक्सला तिथं पार्किंग हवं. दोन सभा झाल्या, निरोप व्हॉट्सअॅपवर गेला, त्यामुळे कॉम्प्लेक्सवालेच आले. तिसरी आणि शेवटची सभा रविवारी. वाडी आली नाही तर बायकांची जागा जाणार.

रेल्वे घाट उतरताना ठाकुरवाडी स्टेशनपाशी खिडकीतून जानेवारीचं धुकं आत आलं आणि मी उगाचच खूश झाले. कर्जतला उतरून गरम वडा घेतला, शेअर रिक्षात 'तळ्याकाठी' सांगून बसले आणि खायला तोंड उघडलं.

"खाऊ नका, ताई," शेजारची बाई म्हणाली. मांडीवर वालाच्या शेंगांची टोपली. नाव जनाबाई, त्या वाडीवरचीच. "तळ्यावर चाललाव ना? जेवान हाय तिथं. चूलबंद आवतान हाय." (चूलबंद म्हणजे घरी चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं.)

वाहवा सुलभा! मी वडा परत पुडीत बांधला.

तळ्याकाठी पोचले तर जत्राच. गाव आलेलं, वाडी आलेली, कडेवर पोरं, हातात काठ्या, एक म्हातारी तर खाटेसकट. आणि मधोमध सुलभा, पांढरीफटक.

"जेवण कुठाय?" मी विचारलं.

"कसलं जेवण?"

शिपाई धर्माकाका शांतपणे पुढे आले. या वेळी निरोप द्यायला ते स्वतः दारोदार फिरले होते. "मॅडम, तुमीच म्हनालाव, घरातली समदी मानसं आली पायजेत. समद्यांना बोलवायचं तं आमच्यात हीच रीत हाय. सभा हाय म्हनलं असतं तं कोन आलं असतं?"

सुलभाला रडू येत होतं. मला हसू आवरेना, हे आजही कबूल करते.

वाचवलं जनाबाईंनी. त्यांनी टोपली जमिनीवर पालथी केली. "पोपटी लावू! मडकी आना रं!" (पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा मीठ-ओवा लावून, भांबुर्डीच्या पाल्यासकट मडक्यात भरायच्या, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा.) बाकीच्या बायकांनीही टोपल्या ओतल्या. गावातून पेंढा आला, तांदूळ आला. मडकी कमी पडली तेव्हा कॉम्प्लेक्सच्या सेक्रेटरींच्या बायको तिसऱ्या मजल्यावरून घरचा पाण्याचा माठ घेऊन धावत आल्या.

"अगं, माझा माठ!" सेक्रेटरी ओरडले.

"तुमी आदी गाडी काढा," जनाबाई म्हणाल्या. "जाळ तिथंच लावायचाय."

पार्किंग मागणाऱ्या माणसानं त्याच जागेवरून निमूटपणे गाडी काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शिट्टीही वाजवली.

अर्ध्या तासानं मडकी उघडली आणि त्या वासासरशी सगळे पुढे सरसावले. बोटं भाजत, फुंकर मारत शेंगा सोलणं चाललं होतं तेव्हा सुलभा उभी राहिली. "या जागेचं काय करायचं?"

सेक्रेटरींच्या तोंडात घास होता. तो गिळून ते म्हणाले, "बायका बसू देत. गाड्या शाळेमागे लावू." मग खालच्या आवाजात, "पण पोपटी दर वर्षी."

हात वर झाले, अगदी खाटेवरच्या म्हातारीचासुद्धा. सुलभा आता खरंच रडत होती. माझेही डोळे भरून आले, धुरामुळे नव्हे.

परतीच्या गाडीत थंड वडा खाल्ला. माणसं गोळा कशी करतात, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

घरी आल्यावर लिफ्टशेजारी उभं राहून पर्समधली नोटीस फाडली आणि जिन्यानं निघाले, एकेक दार वाजवत. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी सात वर्षांत पहिल्यांदा मला आत बोलावलं.

"चूलबंद? मग जेवायला काय आहे?"

"तुमच्याकडे माठ आहे का?" मी विचारलं.