फेरीचा आकडा नसलेलं कार्ड

अमरावतीच्या एका दैनिकात मतमोजणीचे आकडे गोळा करायचं काम गेली वीस वर्षं माझ्याकडे आहे. त्यासाठी माझा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात जीपवाले, दूध डेअरीवाले, दोन-तीन निवृत्त तलाठी. नियम एकच: आधी फेरी लिहायची, मग आघाडी, मग किती गावं मोजायची राहिली ते. हा नियम मोडला म्हणून मी एका माजी सरपंचाला ग्रुपमधून काढलं होतं. उमेदवारांना तर घेतच नाही.

यंदा जिल्हा परिषदेच्या वेळी आमच्या मालकांनी पुण्याच्या एका टेक कंपनीशी करार केला. निकाल आधी एका ॲपवर जाणार होते. एरवी तिथे लोक नाचतात आणि लग्नातल्या साड्या दाखवतात. मी विचारलं, हेच ॲप का? दर्यापूरकडची माणसं तर आकडे माझ्या ग्रुपवरच बघतात. कंपनीच्या मुलाने पडद्यावर तरुण मतदार, सहभाग, पोहोच असं बरंच दाखवलं. मी पुन्हा विचारलं.

"मॅडम, तुमच्या ग्रुपवर आमचा लोगो कुठे दिसणार?" तो म्हणाला.

दोन तासांच्या बैठकीतलं तेवढं एकच वाक्य खरं होतं. बाकीचं नंतर कळलं. ॲपला नाचाच्या पलीकडे थोडी प्रतिष्ठा हवी होती, म्हणून त्यांनी कंपनीला ॲपच्या पहिल्या पानावर फुकट जागा दिली. कंपनीला लोगो हवा होता. आमच्या मालकांना कराराचा फोटो हवा होता. मतदाराचं कोणाला काही पडलं नव्हतं, त्याचा अंगठा मात्र सगळ्यांना हवा होता.

दर फेरीनंतर ॲपवर उमेदवाराचं एक कार्ड निघणार होतं. त्यावर फोटो, आघाडी, हिरवा बाण आणि ठसठशीत लोगो. फेरीचा आकडा नाही. तो घाला म्हटलं, तर डिझाइन भरून जातं म्हणाले. शिवाय त्या दिवशी माझा ग्रुप बंद ठेवायचा, अशी अट होती. मी मान डोलावली. ती चूक माझी.

माझी थोरली बहीण दर्यापूर तालुक्यातल्या एका गटातून अपक्ष उभी होती. निवृत्त मुख्याध्यापिका; वर्गात कोणी हसलं तरी चालायचं, तिला हसलेलं चालत नसे. पहिल्या फेरीत तिचंच गाव मोजलं गेलं आणि ती दोनशेच्या वर पुढे गेली. कार्ड निघालं, गावाने त्यावर पसंतीचे लाल बदाम उधळले. ॲपची रीत अशी, की जे लोकांना आवडलं ते वर राहतं, मग ते सकाळचं असो की कालचं. पुढच्या फेऱ्यांत तिची आघाडी घटत गेली. ती कार्डं कोणाला आवडणार? ती खाली गेली. चौथ्या फेरीत ताई मागे पडली.

मी फोन लावला. मागे मिरवणुकीचा डीजे वाजत होता.

"ताई, गुलाल थांबव. एकच फेरी राहिली आहे आणि तू मागे आहेस."

"मोबाइलवर त मी समोरच आहो."

"तो सकाळचा आकडा आहे."

डीजे बंद झाला. मग ती म्हणाली, "सकाळचा आहे त तसं लिहिलं काहून नाही? तू त तिथंच बसून होती."

मी ग्रुप उघडला आणि चारही फेऱ्या टाकल्या. करार मोडला तो मोडला. पण मिरवणूक तोवर प्रतिस्पर्ध्याच्या दारापर्यंत पोचली होती. पाचव्या फेरीत ती हरली. तशीच, केसांत गुलाल घेऊन, ती त्याच दारात शिरली, त्याचं अभिनंदन केलं आणि त्याच गल्लीतून पायी घरी आली. गल्ली हसली. ती कोणाकडे न बघता चालली, असं एका जीपवाल्याने सांगितलं.

आठवड्याने कंपनीची मेल आली. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाहिलं गेलेलं कार्ड ताईचं होतं, सकाळचं. त्या यशामुळे पुढच्या निवडणुकीलाही तेच ॲप. मालकांनी केबिनमध्ये पेढे ठेवले. माझ्या करारभंगाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण ग्रुपवर काय आलं ते त्यांच्यातल्या कोणी बघितलंच नव्हतं.

मी ती मेल ताईला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती.

"मले तुह्या ग्रुपात घे," ती म्हणाली.

मी घेतलं नाही. ती पुन्हा उभी राहणार आहे.