न पडलेला रेवणप्पा

फटफटी चालवायला लागून रेवणप्पाला तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत तो एकदाही पडला नव्हता. दुसऱ्या कुणाला याचं कौतुक वाटलं असतं. रेवणप्पाची मात्र त्यानं झोप उडवली होती.

धारूरच्या एका लिंगायत दुकानदाराचा हा धाकटा मुलगा. तराजूपुढं बसणं त्याला कधी जमलं नाही. बीडला कापसाच्या एका जिनात इंजिनाला तेल घालायच्या कामावर राहिला आणि नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायला शिकला. निजामाचं राज्य होतं तेव्हा. साहेबलोकही दौऱ्यावर टांग्यानं नाहीतर घोड्यावरून फिरत. अशा दिवसांत धारूरजवळचे जमीनदार विठ्ठलराव हैदराबादेहून फटफटी घेऊन आले. पहिल्याच दिवशी ती त्यांनी अंगणातून थेट कडब्याच्या गंजीत घातली, डोक्यातला कडबा झटकला आणि पुन्हा आपल्या घोडीवर बसले ते कायमचे. फटफटी आली रेवणप्पाच्या हाती. मालकांचे कागद बीडच्या कचेरीत पोचवायचे, निरोप न्यायचे, पाहुणा आणायचा, हे त्याचं काम झालं.

सगळ्या मुलखात तेव्हा फटफट्या मोजून चार. चौघं चालवणारे जाता-येता मांजरसुंब्याच्या तिठ्यावर लिंबाखाली थांबायचे, चहा प्यायचे. त्यांच्यात सगळ्यात जुना बंकट. एका जंगल-कंत्राटदाराची फटफटी तो चालवायचा. सात वेळा पडलेला. कोपर, गुडघा, हनुवटी, जिथं बघावं तिथं व्रण. आणि त्या व्रणांवर त्यानं सगळं शास्त्र उभं केलं होतं.

"घुंगरू बांधायचं ते खाली, चाकापाशी," तो सांगायचा. "सडकेवर जे काय बसलेलं असतं ते आवाजानं उठून बाजूला हुतं. पण इकत घेतलेलं चालत न्हाई. दुसऱ्यानं हातानं द्यावं लागतं."

त्यानंच मेलेल्या बैलाच्या माळेतलं एक पितळी घुंगरू रेवणप्पाला दिलं. रेवणप्पा हसला होता. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हणाला होता, "माझ्यापाशी हे हाय की. घुंगराचं मला काय?"

पण बांधलं त्यानं.

बंकटचं दुसरं शास्त्र जास्त वाईट होतं. "नवी गाडी उपाशी असती, बे. थोडं रगत, थोडं कातडं घेतल्याबिगर माणसाला आपलं म्हनत न्हाई. बारकं पडणं आलं की मोठं टळतं. तू अजून पडला न्हाईस, रेवण्या. गाडी साठवायलीय."

रेवणप्पानं हेही हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच हिवाळ्यात राधाकिशन पडला. राधाकिशन चौघांतला एक, डाक नेणारा, मोठा सावध गडी. रेवणप्पासारखाच कधी न पडलेला. मांजरसुंब्याच्या घाटात पुलाच्या कठड्यावर आदळला आणि त्याचा पाय गुडघ्यातून काढावा लागला. लिंबाखाली आता तिघंच उरले. बंकटनं त्या दिवशी रेवणप्पाच्या घुंगराची गाठ स्वतःच्या हातानं पुन्हा आवळून दिली.

तेव्हापासून रेवणप्पाच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. प्रत्येक वळणावर त्याला वाटायचं, हेच ते. वळण सरलं की बरं वाटायच्या ऐवजी वाटायचं, म्हणजे पुढचं. जेवताना घास हातात राहायचा. ताटावरून उठून तो घुंगराची गाठ बघून यायचा. मग घुंगराशेजारी बिब्बा आला, काळा दोरा आला, कपिलधारेहून आणलेली भस्माची पुरचुंडी फटफटीच्या दिव्याखाली लटकली. विठ्ठलराव एकदा म्हणाले, "रेवणप्पा, ही फटफटी हाय का नवरदेवाचं घोडं?"

त्याची बायको शांतादेवी सगळं बघत होती. एकदा तिनं ताट पुढं सरकवलं आणि विचारलं, "कावून असं करायलाव? रोज नीट घरी येताव, त्याचंच दुःख वाटतंय का तुमाला?"

"आजवर आलो म्हनून तर भ्या वाटतंय," तो म्हणाला.

शेवटी त्यानं एक वेडेपणा केला. दुपारची वेळ साधून फटफटी ओढ्याच्या वाळूत घातली, अगदी हळू केली, डोळे मिटले आणि स्वतःला एका अंगावर टाकून दिलं. वाळू मऊ. खरचटलंसुद्धा नाही. पलीकडं शेळ्या राखत बसलेली म्हातारी ओरडली, "काय झालं रं बाबा? उन्हानं चक्कर आली का?" रेवणप्पानं अंगावरची वाळू झटकली आणि तिच्याकडं न बघता निघाला.

बंकटला सांगितलं तर तो मान हलवत म्हणाला, "मागून घेतलेलं पडणं चालतंय व्हय? हुलकावणी देतूस का गाडीला? आता लईच चिडली असंल ती."

त्यानंतर आठच दिवसांत विठ्ठलराव पडले. फटफटीवरून नव्हे, घोडीवरून. किल्ल्याखालच्या उतारावर घोडी बुजली आणि मालकांचा उजवा खांदा निखळला. हात लोंबकळत होता. कुणाला जवळ येऊ देईनात. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई बाहेर येऊन रेवणप्पाला म्हणाल्या, "जानकीबाईला घेऊन ये. असशील तसा नीघ."

जानकीबाई म्हणजे मांजरसुंब्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरची हाडं बसवणारी बाई. साठीची, काटक, नवरा कधीच गेलेला. माणसाचं असो की बैलाचं, हाड तिच्या बोटांना कळायचं. रेवणप्पा पोचला तेव्हा ती अंगणात तुरी झोडपत होती. फटफटी बघून घाबरेल असं त्याला वाटलं. तिनं पदर खोचला, लेपाचं बोचकं उचललं आणि विचारलं, "बसायचं कुठं?"

निघाल्यावर सारखी बोलत होती. हे झाड कुणाचं, ते रान कुणाचं, या विहिरीवरून कुणाच्या कुणाशी मारामाऱ्या झाल्या. रेवणप्पा हूं हूं करत होता. त्याचं लक्ष सडकेवर होतं. मागं बाई बसलेली, मालक तिकडं विव्हळत असलेले. आज नको, आज नको, असं तो मनात घोकत होता.

आणि आजच झालं. धारूर दोन कोसांवर राहिलं असेल. एका वळणावर ताजा मुरूम पसरलेला होता. पुढून कोकरू आडवं आलं. रेवणप्पानं हँडल वळवलं, मागचं चाक मुरमावरून घसरलं आणि दोघं सडकेवर आडवे झाले.

फार काही नव्हतं. वेगही नव्हता. फटफटी बाजूला पडून फुरफुरत होती. रेवणप्पाच्या कोपराचं कातडं सोललं होतं, धोतर फाटलं होतं. त्यानं कोपरावरचं रक्त बघितलं आणि त्याच्या अंगातून इतक्या दिवसांचा ताण सर्रकन उतरला. सुटलो, असं तो मोठ्यानं म्हणालासुद्धा. हसू आलं त्याला. घेतलं एकदाचं गाडीनं.

"आप्पा," जानकीबाई मागून शांतपणे म्हणाली, "माझं मनगट गेलं."

ती मातीत बसली होती. उजवा हात मांडीवर धरला होता आणि मनगट वाकड्या चमच्यासारखं उलटलं होतं. रेवणप्पाचं हसू तोंडावरच वाळलं.

"मावशी, मी..."

"रडू नगंस. सूज चढायच्या आत बसवाया पायजे. मला एका हातानं जमायचं न्हाई. तू बसव."

"मला न्हाई येत."

"इंजिन उघडतूस नव्हं? मग ऐक मी सांगते तसं. त्या रानातल्या चार तुराट्या आन. फेटा फाड."

त्यानं तुराट्या आणल्या, फेटा फाडला. तिनं सांगितलं तसं एका हातानं तिचं कोपर धरलं, दुसऱ्या हातानं तळवा.

"वढ. सरळ वढ, झटका देऊ नगंस. अजून. लेकरा, मला दुखंल म्हनून हात सैल सोडू नगंस. सोडलास तर दुप्पट दुखंल. आता अंगठ्यानं खाली दाब."

हाताखाली काहीतरी सरकलं. इंजिनातला दात दातात बसावा तसं. जानकीबाईच्या कपाळावर घाम डवरला होता, पण ती ओरडली नाही. "बसलं," म्हणाली. लेप लावला, तुराट्या बांधल्या. मग तिनं फटफटीकडं बघितलं. "चल. तिकडं तुजा मालक वरडत असंल."

"परत फटफटीवर?"

"मग काय चालत जाऊ? दोन कोस?"

रेवणप्पानं फटफटी उभी केली आणि लाथ मारून चालू केली. मागून तिनं डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला तो धारूर येईपर्यंत काढला नाही.

तिचा बांधलेला हात बघून वच्छलाबाईंनी तोंडावर पदर घेतला. जानकीबाई सरळ आत गेली, विठ्ठलरावांचा खांदा डाव्या हातानं चाचपला आणि रेवणप्पाला म्हणाली, "बस तिथं. जोडा काढ. टाच मालकाच्या काखंत घाल."

"मालकाच्या काखेत पाय?" रेवणप्पा मागं सरला.

"मग राहू दे मालकाचा हात तसाच."

विठ्ठलराव दातओठ खात म्हणाले, "घाल की बे! मेलो इथं मी!"

त्यानं टाच लावली, मनगट धरलं आणि ती सांगेल तसं ओढत राहिला. घाई नाही, झटका नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग खट्‌ करून आवाज आला. विठ्ठलरावांनी लांब श्वास सोडला आणि तसेच झोपी गेले.

चार दिवसांनी लिंबाखाली बंकट त्याच्या सोललेल्या कोपराकडं बघून खूष झाला. "पडलास एकदाचा! आता गाडी तुजी झाली. चहा माझ्याकडून."

रेवणप्पा बसला नाही. "पडलो मी," तो म्हणाला, "आन हात मोडला तिचा. हे कोणाच्या वाट्याचं पडणं, बंकट? सांग की. गाडीनं माझं घेतलं का तिचं?"

बंकटच्या शास्त्रात मागं बसलेलं माणूस नव्हतंच.

दीड महिना जानकीबाईचा हात बांधलेला होता. रेवणप्पा दर सोमवारी तिच्या वस्तीवर जायचा. पाणी भरायचा, लाकडं फोडायचा. कुणी पडलेलं-मोडलेलं आलं की ती त्याला पुढं बसवायची आणि आपण शेजारी बसून सांगायची. तुराट्या सोडल्या तेव्हा मनगट सरळ होतं, पण शेवटच्या दोन बोटांत जोर राहिला नव्हता. ती बोटं चोळत म्हणाली, "घोंगडी पिळता येत न्हाई. चालायचंच." तिनं हे सहज म्हटलं. रेवणप्पाला पुढं कित्येक रात्री ती दोन बोटं दिसत राहिली.

फटफटी त्यानं सोडली नाही. मालकांनी ती विकेपर्यंत चालवली. त्यानंतर मात्र मागं कुणी बसलं की तो प्रत्येक वळणावर ती बैलगाडीइतकी हळू करायचा. हाडं बसवायला लोक पुढं त्याच्याच दारी यायला लागले, शिरूर कासारकडूनसुद्धा. "हात हलका हाय आप्पाचा," म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा आणि दुखऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडं न बघता आधी विचारायचा, "कसं पडलात? अन् संगं कोण होतं?"