सुकाणूचा आळ

शालिक गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दाढी करत होतो. डोळ्यांत पाणी यायच्या आधी तोंडातून निघालं, "सुटला बिचारा!" धंतोलीच्या दवाखान्यात दीड महिना त्यानं जे सोसलं ते पाहणाऱ्या कुणालाही हेच वाटलं असतं. पण खरं सांगायचं तर त्यात माझीही थोडी सुटका होती... जाण्याच्या आठच दिवस आधी मी त्याच्यापाशी मन मोकळं केलं होतं.

कॉलेजात तो हंगामी सुतार, मी रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. कॉलेजची एक जुनी शिडाची होडी अंबाझरी तलावाच्या काठावर पडून असे. पोहता येत नसतानाही तिची देखरेख मी हौसेनं अंगावर घेतली होती. नागपूरच्या मे महिन्यात माणूससुद्धा वाळून जातो, तिथं लाकडाचं काय? सुकाणूचा दांडा ज्या भोकात फिरतो ते सैल झालं आणि सुकाणू खुळखुळ्यासारखं वाजू लागलं. शालिकचे वडील गावी बैलगाड्या करायचे. त्यानं भोकात बसवायला बाभळीचं एक गोल कडं कोरलं आणि मला बजावलं, "हे दोन दिवस पाण्यात भिजू दे गा. फुगलं की घासून बसवू." पण दुसऱ्याच दिवशी प्राचार्य पाहुण्यांना होडी दाखवणार होते. शालिक घरी गेल्यावर मी ते कडं कोरडंच ठोकून बसवलं. काय घट्ट बसलं! मी स्वतःवरच खूश.

सकाळी होडी पाण्यात उतरवली, संध्याकाळी पाहुणे आले. सुकाणूला हात लावताच शालिकच्या कपाळाला आठी पडली. "काहून घाई केली गा?" एवढंच हळू आवाजात म्हणाला आणि माझ्यासोबत होडीत बसला. तलावाच्या मध्यावर लाकूड फुगून सुकाणू पार अडकलं. वारा होडीला सरळ काठाच्या दगडी पाळीकडे नेऊ लागला. शालिकनं शीड उतरवलं, बसायची फळी उपटून तिनंच वल्हवू लागला. "घट्ट धरून बस, पाण्याकडे पाहू नको!" तो ओरडत होता. मला पोहता येत नाही हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. होडीचं नाक फुटलं, आम्ही मात्र धडधाकट काठाला लागलो. पाय चिखलात रुतले तेव्हा मला रडू आवरेना.

"सुकाणू कोणी बसवलं?" प्राचार्यांनी विचारलं.

"मी, साहेब," शालिक म्हणाला.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. जूनमध्ये त्याची कायम नोकरीची ऑर्डर निघायची होती, ती तीन वर्षं लांबली. मी भेकडासारखा गप्प राहिलो. आमचा चहा, गप्पा, एकमेकांच्या घरची कार्यं सगळं चालू राहिलं, पण तो विषय त्यानं कधी काढला नाही आणि मला काढवला नाही.

दवाखान्यात शेवटी एकदाचं बोललो. तो डोळे मिटूनच हसला. "लय उशीर केला गा... मले वाटे, मले मसनात पोचवल्यावरच बोलते का काय हा!" मग खोकल्याची उबळ आली. त्या दिवशी दवाखान्याचा जिना मी पोरासारखा उतरलो.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, सक्करदऱ्याला त्याच्या घरी गेलो. माणसं पांगल्यावर मी त्याच्या बायकोला म्हटलं, "शांतावहिनी, ते सुकाणू मी बसवलं होतं, शालिकनं सांगितलंच असेल."

चहाचा कप तिच्या हातातच राहिला. "नाही भाऊजी. तीन वर्षं परमनंट नाही झाले, अन् मी उठता-बसता त्याईलेच बोलत राहिली. 'तुमच्या हातानं होडी फुटली' म्हणून किती टोचलं त्याईले... एक शब्द नाही काढला त्याईनं."

तिनं पदरानं शालिकच्या फोटोची काच पुसली.

"आता पहिले तुमी सांगा त्याईच्यासमोर. जोरानं सांगा. मंग मी माफी मांगते."

मी उठून फोटोसमोर उभा राहिलो आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मी, साहेब. सुकाणू मी बसवलं."