आत्याची जीभ आणि एकशे ऐंशीचा आकडा

आमची आत्या आयुष्यात एकच गोष्ट शिकली, ती म्हणजे मीठ. तीस वर्षं ती वसतिगृहाच्या भटारखान्यात दोनशे पोरांचा स्वयंपाक करायची. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा, आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. "चिमूटभर कमी." अपील नाही.

मग नदी आटली. विहिरी खोल गेल्या, आणि जितकं खोल तितकं पाणी खारट. वसतिगृह बंद पडलं. तेव्हा सरकारला जाग आली आणि कोरड्या पात्राच्या काठावर खारं पाणी गोडं करायचा प्लँट उभा राहिला. पात्रातल्या वाळूत विहीर, तिथून पाणी पंपाने वर, ते लांब पांढऱ्या नळ्यांमधून दाबायचं; निम्मं गोडं होऊन टाकीत, आणि सगळं मीठ घेऊन उरलेलं निम्मं पाईपाने बाहेर. आत्या तिथे झाडूवाली म्हणून लागली आणि वर्षभरात ऑपरेटर झाली, कारण बाकीचे दोघे पंपाच्या आवाजाने डोकं उठतं म्हणून पळून गेले. विधवा बाई, पदरात म्हातारी सासू. पगार म्हणजे घरची चूल.

प्लँटचे साहेब म्हणजे थोर माणूस. आवाज नाकातून निघतो आणि कपाळावर आदळून बाहेर पडतो. प्रत्येक वाक्य "टेक्निकली बोलायचं तर" असं सुरू. टेक्निकली बोलायचं तर, चहा गार झाला. टेक्निकली बोलायचं तर, मी जरा झोपतो. त्यांच्या टेबलासमोर भिंतीवर मीटर, आणि मीटरवर हिरवा आकडा: एकशे ऐंशी. म्हणजे लिटरमागे एवढंसंच मीठ, पाणी उत्तम. उद्घाटनापासून आकडा हलला नव्हता. साहेबांना याचा कोण अभिमान! हिवाळा असो, उन्हाळा असो, एकशे ऐंशी. एकदा वीज गेली तेव्हा बॅटरीवर, पंप बंद असतानासुद्धा, एकशे ऐंशी.

आत्या मात्र दर तासाला नळाखाली तळहात धरायची. एक दिवस तिने साहेबांना गाठलं.

"साहेब, पाणी खारट होत चाललंय."

"बाई, मीटर बघा."

"मीटर पितंय कोण? लोक पितात. लोकही तेच म्हणतायत."

"टेक्निकली बोलायचं तर, लोकांना फुकटचं गोड लागत नाही. आणि तुमच्या जिभेचं वय झालंय."

जिभेचं वय! आत्याने घरी येऊन हे वाक्य सासूला साहेबांच्याच नाकातून ऐकवलं. सासू म्हणाली, "त्याच्या जिभेला हाड नाही, तुझ्या जिभेला वय आहे. चांगली जोडी आहे गं तुमची."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आत्या चप्पल हातात घेऊन पात्रातून वरच्या अंगाला चालत गेली. विहिरीपासून शंभर पावलांवर वाळू पांढरी झालेली. पुढे झुडपात पाईपाचं तोंड, त्यातून झुळूझुळू पाणी. तिने बोट बुडवलं, चाटलं, थुंकली. प्लँटमधून काढून टाकलेलं खारं पाणी नदीत विहिरीच्या वरच्या बाजूला सोडलं होतं! ते वाळूखालून निवांत चालत परत विहिरीत येत होतं, आणि आत्या महिनोन्‌महिने तेच मीठ पुन्हा काढत होती.

पाईप खालच्या अंगाला का नाही टाकला? कारण उद्घाटनाचा मांडव खालच्या अंगाला होता. फोटोत पाईप वाईट दिसला असता.

सोमवारी तिने हे सांगितल्यावर साहेब खुर्चीतून निम्मे उठले. "बाई, नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, आणि तुम्ही पाईपाचं मूळ शोधताय? पुढच्या आठवड्यात मोठ्या मॅडम येतायत, आपल्याला आदर्श प्लँटचं प्रशस्तिपत्र द्यायला. खाल्ल्या मिठाला जागा जरा!"

"जागतेच आहे, साहेब. रोज तेच तेच खातेय."

साहेबांनी त्याच दिवशी कागद काढला: एक तारखेपासून नवीन ऑपरेटर, शिकलेला, मीटर वाचणारा, काही न चाटणारा. आत्याने कागदाची घडी घालून ब्लाउजात ठेवली. सासूला सांगितलं नाही.

मॅडम आल्या. सोबत सहा माणसं आणि बाटलीबंद पाण्याचे दोन खोके. साहेब काठीने आकडा दाखवत होते: "टेक्निकली बोलायचं तर, एकशे ऐंशी!" सहाही माणसं माना डोलवत होती.

आत्याने चहा आणला. प्लँटच्या नळाचं पाणी, दूध, साखर, सगळं मापात.

पहिल्या माणसाने घोट घेतला आणि खिडकीबाहेर पाहिलं. दुसऱ्याने कपाकडे पाहिलं. तिसरा म्हणाला, "वा, वेगळाच आहे." साहेबांनी घोट घेतला आणि तो तोंडातच ठेवला, गिळवेना, थुंकवेना.

मॅडमनी कप खाली ठेवला. "बाई, साखरेऐवजी मीठ टाकलंत का?"

"साखरच आहे, मॅडम, दोन चमचे. मीठ पाण्यातलं. पण मीटर एकशे ऐंशी म्हणतंय, म्हणजे नसेलच. तुमच्या जिभेचं वय झालं असेल."

मॅडम आधी आत्याकडे, मग साहेबांच्या फुगलेल्या गालांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गिळा."

साहेबांनी गिळला.

सोबतच्या एकाने मीटरचं झाकण उघडलं. उद्घाटनाच्या दिवशी फोटोत आकडा हलू नये म्हणून तो थांबवून ठेवला होता. परत चालू करायचं राहून गेलं. बटण दाबल्यावर आकडा धावत सुटला आणि दोन हजार सहाशेवर दमून थांबला. मग आत्या सगळ्यांना पाईपापर्यंत घेऊन गेली. साहेबांचे बूट पांढरे झाले.

आता खारं पाणी पात्राबाहेर, पसरट हौदांमध्ये उन्हात सुकतं. प्रशस्तिपत्र आलं नाही. आत्याने ब्लाउजातून काढून दिलेला कागद मॅडमनी स्वतः फाडला, आणि नोंदवहीत नवा रकाना आला: चव. त्याच्या रेघा साहेबांनी स्वतः, पट्टी धरून आखल्या.

विहीर धुऊन निघायला वेळ लागला. मग एका सकाळी आत्याने तळहात चाटला, डोळे मिटले, आणि त्या रकान्यात लिहिलं: "पाणी गोडं. साहेब अजून थोडे खारट."

साहेबांनी खाली सही केली. वाचायची सवय त्यांना फक्त मीटरची होती.